डाऊनटाऊन म्हणजे नेमकं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक अनुवादिका न्यूयॉर्कमध्ये घडणाऱ्या कथेचा मराठी अनुवाद करत आहेत. 'डाऊनटाऊन' हा शब्द त्यांना चार ठिकाणी अडला आहे. शब्दकोश म्हणतो, 'शहराचा मध्यवर्ती व्यापारी भाग'. नकाशा उघडला तर डाऊनटाऊन मॅनहॅटन बेटाच्या पार खालच्या टोकाला दिसतं, मध्यावर नाहीच. त्यांची चार वाक्यं अशी:

'तिने १२५व्या रस्त्यावर डाऊनटाऊन गाडी पकडली आणि ९६व्या रस्त्यावर उतरली.'
'त्याचे कपडे आईला फारच डाऊनटाऊन वाटले.'
'पोलीस त्याला डाऊनटाऊनला घेऊन गेले.'
आणि ओहायोत राहणाऱ्या भावाच्या तोंडी: 'आमच्याकडे संध्याकाळी सहानंतर डाऊनटाऊन मेलेलं असतं.'

हे केंद्र आहे की दिशा, आणि मराठीत काय लिहायचं, असं त्या विचारतात.

तुमच्या गोंधळाला शब्दकोश जबाबदार आहे. त्याने दिलेला अर्थ बरोबर आहे, पण तो या शब्दाच्या प्रवासातला उशिराचा मुक्काम आहे. डाऊनटाऊन आधी दिशा होती. मग जागा झाली. मग त्या जागेत चालणारं कामकाज आणि तिथली हवा हेही अर्थ त्याला येऊन चिकटले. इंग्रजीत हे सगळे भाडेकरू एकाच घरात सुखाने राहतात. मराठीत प्रत्येकाला वेगळी खोली द्यावी लागते. त्यामुळे 'डाऊनटाऊनला मराठीत काय म्हणतात' असं मला कोणी विचारलं की मी आधी वाक्य मागतो. तुम्ही चार वाक्यं पाठवलीत हे फार बरं केलंत.

मी हे ठेच लागून शिकलो. अनुवाद करायला लागून तीन-चार वर्षं झाली होती. एका गुन्हेगारी कथेत पोलीस अधिकारी संशयिताला म्हणतो, 'चल, डाऊनटाऊनला.' मी झोकात लिहिलं, 'चल, बाजारपेठेत.' संपादकांनी समासात पेन्सिलीने तीनच शब्द लिहून पान परत पाठवलं: 'भाजी आणायला का?'

आता मूळ गोष्ट. डचांनी १६२०च्या दशकात मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला किल्ला बांधला आणि त्याच्याभोवती न्यू ॲम्स्टरडॅम वसलं. गाव एवढंसं, की १६५३मध्ये त्याच्या उत्तरेला बेटाच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक तट घातला आणि बंदोबस्त झाला. तो तट १६९९मध्ये पाडला. त्याच्या जागेवरून जातो तो वॉल स्ट्रीट. बेट चिंचोळं, दोन्ही अंगांना पाणी, खाली बंदर. वाढायचं तर उत्तरेकडेच. १८११च्या आराखड्याने थेट १५५व्या रस्त्यापर्यंत चौकटी आखून टाकल्या, तेव्हा तिकडे बहुतेक शेतं आणि टेकाडं होती. शहर वर सरकत गेलं तशी पैसेवाली कुटुंबं मोकळ्या हवेत घरं बांधून तिकडे राहायला गेली. गोद्या, पेढ्या, विमा कंपन्या, शेअर बाजार मात्र जुन्या गावातच राहिले. म्हणजे घरून कामाला निघालेला माणूस रोज सकाळी 'खाली गावात' जायचा. 'डाऊन' आणि 'टाऊन' हे दोन शब्द सुटे होते तेव्हाचा हा अर्थ, आणि १८३०च्या दशकात तो न्यूयॉर्ककरांच्या तोंडी चांगला रुळलेला होता.

या 'खाली'त उताराचा संबंध फारसा नाही. नकाशात दक्षिण खाली असते, हडसन नदीही त्याच दिशेने समुद्राला मिळते, तेवढं पुरलं. गंमत म्हणजे मॅनहॅटनचे उभे रस्ते खऱ्या उत्तरेपासून जवळजवळ २९ अंशांनी कललेले आहेत, पण तिथल्या माणसाच्या लेखी ते सरळ उत्तरेलाच जातात. बेटावर होकायंत्राला कोणी विचारत नाही. वर आणि खाली एवढ्याच दोन दिशा. १९०४मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली आणि तिने हीच भाषा पाट्यांवर चढवली. आजही तिथे अनेक स्थानकांचं एक दार फक्त अपटाऊन गाड्यांचं आणि रस्त्यापलीकडचं दार फक्त डाऊनटाऊन गाड्यांचं असतं. चुकीच्या जिन्याने उतरलात तर बऱ्याच ठिकाणी पुन्हा वर येऊन, रस्ता ओलांडून, पुन्हा पैसे भरून आत जावं लागतं.

म्हणून तुमच्या पहिल्या वाक्यातली बाई ९६व्या रस्त्यावर उतरली तरी ती डाऊनटाऊन गाडीतच होती. ९६वा रस्ता डाऊनटाऊनमध्ये मुळीच येत नाही. तो अपटाऊनातच मोडतो. न्यूयॉर्ककर साधारणपणे १४व्या रस्त्याच्या खालच्या भागाला डाऊनटाऊन म्हणतो, १४ ते ५९ मिडटाऊन, आणि त्यावर अपटाऊन. गंमत अशी की शहराचं आजचं सर्वांत मोठं कार्यालयी केंद्र मिडटाऊन आहे. म्हणजे ज्या शहराने हा शब्द जगाला दिला तिथेच 'डाऊनटाऊन म्हणजे मध्यवर्ती व्यापारी भाग' ही व्याख्या लंगडते.

इथे मराठी वाचकाची एक खास अडचण आहे, जी इंग्रजी शब्दकोशाला ठाऊक असण्याचं कारण नाही. आपल्या कानाला 'डाऊन' हा शब्द रेल्वेने शिकवला आहे. मुंबईच्या लोकलची अप गाडी टर्मिनसकडे, म्हणजे शहरात जाते आणि डाऊन गाडी कल्याण-विरारकडे, शहराबाहेर. ही रीत ब्रिटिशांची. त्यांच्याकडे लंडनकडे जाणारी ती अप आणि लंडनपासून दूर जाणारी ती डाऊन. माणूसही लंडनला 'वर' जातो. मान मोठा तिकडे वर, असा हिशेब. अमेरिकन डाऊन याच्या नेमकं उलट चालतो: तो शहरात नेतो. 'डाऊन लाइन'वर वाढलेल्या वाचकासमोर 'डाऊनटाऊनची गाडी' असं नुसतं ठेवलं तर तो नकळत तिला शहराबाहेर धाडतो. माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी मला हे प्रामाणिकपणे सांगितलं आहे, आणि त्यातला एक स्वतः अनुवादक आहे.

न्यूयॉर्कची ही वर-खालीची भाषा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साऱ्या अमेरिकेने उचलली. मात्र प्रत्येक शहराचं बूड वेगळ्या दिशेला होतं. क्लीव्हलँडचं डाऊनटाऊन उत्तरेला, ईरी सरोवराच्या काठी. डेट्रॉइटचं दक्षिणेला, नदीकाठी. मिनिआपोलिसमध्ये 'अपटाऊन' नावाची वस्ती डाऊनटाऊनच्या नैर्ऋत्येला आहे, म्हणजे नकाशात खालीच. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहराने तर आपल्या मध्यभागाचं अधिकृत नावच अपटाऊन ठेवलं. तिथला मुख्य चौक उंचवट्यावर आहे, त्यामुळे लोक पूर्वीपासून 'वर गावात' जात. कॅनडातल्या सेंट जॉनचं केंद्रही अपटाऊनच. फिलाडेल्फियात हा भाग सेंटर सिटी. शिकागोत लूप, वरून धावणाऱ्या रेल्वेचं कडं १८९७मध्ये पुरं झालं आणि त्या कड्याच्या आतला भाग जगभर त्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

माझं आवडतं उदाहरण न्यू ऑर्लिन्सचं. तिथे मिसिसिपी नदी अशी वळणं घेत जाते की पूर्व-पश्चिम सांगून काही कळतच नाही. म्हणून लोक प्रवाहावरून दिशा सांगतात: नदीच्या वरच्या अंगाला अपटाऊन, खालच्या अंगाला डाऊनटाऊन, सीमा म्हणजे कॅनाल स्ट्रीट. जुनी फ्रेंच वस्ती खालच्या अंगाला. १८०३मध्ये लुइझियाना अमेरिकेकडे आल्यावर नवे अमेरिकन व्यापारी कॅनाल स्ट्रीटच्या वरच्या अंगाला वसले. दोन्ही समाजांत एवढं अंतर की तो रस्ता ओलांडला की आडव्या रस्त्यांची नावं बदलतात: इकडची बर्बन स्ट्रीट पलीकडे कॅरंडलेट होते. आता उंच इमारतींचा व्यापारी भाग बहुतांशी त्या वरच्या अंगाला आहे, म्हणजे जुन्या हिशेबाने तो अपटाऊन बाजूला पडतो. बाहेरचा पाहुणा मात्र त्या इमारतींकडे बोट दाखवून बिनधास्त डाऊनटाऊन म्हणतो. दोघंही बरोबर. एक प्रवाहाची भाषा बोलतो, दुसरा उंचीची.

ही प्रवाहाची भाषा आपल्याला परकी वाटायला नको. कोकणातल्या कितीतरी गावांत वरची आळी आणि खालची आळी असते. ओढ्याच्या, उताराच्या अंगाने पडलेली ही नावं आहेत. फरक असा की आपल्या खालच्या आळीला बाजाराचं मोठेपण आलंच असं नाही. त्यामुळे 'डाऊनटाऊन'चा शब्दशः अनुवाद 'खालचं शहर' असा करणारे फसतात. मराठी वाचकाला त्यात गरीब वस्ती ऐकू येते. जपानीत तर हा सापळा शब्दकोशातच लावलेला आहे. 'शितामाची' म्हणजे अक्षरशः 'खालचं गाव', आणि इंग्रजी कोश त्याच्यासमोर सहज डाऊनटाऊन लिहून मोकळे होतात. पण तोक्योची शितामाची म्हणजे सखल भागातली कारागीर-व्यापाऱ्यांची जुनी वस्ती, असाकुसासारखी. टेकाडांवर सरदार-दरकदार राहत, सखलात कष्टकरी. आजही त्या शब्दाला जुन्या वाड्यांच्या गल्ल्यांचा, शेजारधर्माचा वास आहे. काचेच्या बुरुजांच्या शहरमध्याला जपानी माणूस 'तोशिन' म्हणतो.

आता 'मध्यवर्ती' या शब्दाबद्दल. तुम्ही नकाशा पाहून त्यावर शंका घेतलीत, ती रास्त आहे. डाऊनटाऊन भूमितीच्या मध्यावर असायचं काही कारण नाही. ते बहुधा बंदराशी, नदीच्या उताराशी, पहिल्या वस्तीपाशी असतं, आणि शहर त्याच्यापासून दूर पसरतं. पण मराठीत 'मध्यवर्ती'चा अर्थ नुसता 'मधोमध' असा नाही. मध्यवर्ती बँक किंवा मध्यवर्ती कारागृह म्हणताना आपण पट्टी लावून मोजत नाही. जिथे सगळे धागे येऊन मिळतात ते मध्यवर्ती. या अर्थाने शब्दकोशातला शब्द चालतो. बातमीत, अहवालात, भूगोलाच्या पाठात तो जरूर वापरा.

अभ्यासकांनी हा मध्य मोजायचाही प्रयत्न केला आहे. अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५मध्ये शिकागो डोळ्यासमोर ठेवून शहराची एकात एक वर्तुळं काढली आणि सगळ्यांत आतल्या वर्तुळाला चक्क 'लूप' म्हटलं. पुढे १९५४मध्ये रेमंड मर्फी आणि जेम्स व्हान्स या भूगोलतज्ज्ञांनी नऊ अमेरिकी शहरांत चार रस्त्यांमधली एकेक चौकट हिंडून हद्द ठरवली. त्यांची कसोटी मला अजून आवडते. एका चौकटीतल्या इमारतींमध्ये दुकानं, बँका, कार्यालयं यांनी व्यापलेलं सगळ्या मजल्यांचं क्षेत्रफळ मिळून तळमजल्याच्या एकूण क्षेत्राएवढं तरी हवं, आणि इमारतींच्या एकूण क्षेत्रापैकी निदान निम्मं याच कामाला हवं. राहती घरं, कारखाने, घाऊक गोदामं, सरकारी कचेऱ्या यांना या मोजणीत जागा नव्हती. या पद्धतीचा शब्द म्हणजे सीबीडी (सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट), मराठीत केंद्रीय व्यापार क्षेत्र. ऑस्ट्रेलियात हा तांत्रिक शब्द बोलण्यात इतका मुरला आहे की सिडनीतला पोरगाही मित्राला 'सीबीडीत भेटू' म्हणतो. अमेरिकेत असं कोणी बोलत नाही. तिथे सीबीडी अहवालात आणि डाऊनटाऊन तोंडात. अनुवाद करताना हे अंतर राखा. दोन पात्रांच्या गप्पांत 'केंद्रीय व्यापार क्षेत्रात जेवायला जाऊ' असं वाचलं की मी पुस्तक मिटतो.

ब्रिटनबद्दल थोडक्यात. तिथला माणूस आपल्या शहरासाठी डाऊनटाऊन म्हणत नाही. तो सिटी सेंटर, टाऊन सेंटर किंवा नुसतं 'टाऊनमध्ये' म्हणतो. आणि लंडनच्या बाबतीत 'द सिटी' दिसलं तर सावध व्हा: ते 'शहर' नव्हे. तो जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा जुना, आता बँकांनी भरलेला तुकडा आहे. रात्री तिथे राहणारे जेमतेम काही हजार, दिवसा कामाला येणारे लाखो. दुकानं-नाटकं वेस्ट एंडला. लंडनपासूनची अंतरं मोजतात ती तिसऱ्याच ठिकाणाहून, चेरिंग क्रॉसपासून. एका शहराला तीन केंद्रं, आणि एकालाही डाऊनटाऊन म्हणायची सोय नाही. युरोपात फ्रेंच 'साँत्र-व्हिल' किंवा इटालियन 'चेंत्रो' हे शब्द जुन्या, जपलेल्या गावाकडे झुकतात. पॅरिसचे काचेचे बुरुज ला देफाँसला आहेत, शहराच्या हद्दीबाहेर. कैरोत 'वस्त अल-बलद', म्हणजे गावाचा मध्य. सगळीकडे मध्य, गाभा, केंद्र. 'खाली' म्हणणारे अमेरिकनच.

आता शब्दाची हवा, कारण तुमची दुसरी आणि चौथी वाक्यं तिच्यावरच उभी आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी मध्यमवर्ग मोटारी घेऊन उपनगरांत गेला. १९५६च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला घेतलं. त्याच वर्षी मिनिआपोलिसजवळ साउथडेल हा संपूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. खरेदीला शहरात जायचं कारण उरलं नाही. गोरे बाहेर आणि कृष्णवर्णीय व गरीब आत अशी फाळणी त्यात मिसळलेली होतीच. डेट्रॉइटची लोकसंख्या १९५०मध्ये साडेअठरा लाख होती, २०२०मध्ये सुमारे ६ लाख ३९ हजार. तिथल्या हडसन्स या अवाढव्य दुकानाने १९८३मध्ये डाऊनटाऊनमधला कारभार गुंडाळला आणि १९९८मध्ये ती इमारत सुरुंग लावून पाडली. अशा शहरांत डाऊनटाऊन म्हणजे नऊ ते पाच कचेऱ्या आणि नंतर शुकशुकाट. तुमच्या ओहायोच्या भावाची तक्रार ही आहे. 'गजबजलेला मध्यवर्ती भाग' असं विशेषण सवयीने चिकटवाल तर वाक्याचा जीव जाईल. त्याला नेमकं उलट सांगायचं आहे.

याच्याच शेजारी आणखी एक शब्द उभा असतो, 'इनर सिटी'. तो दिसायला डाऊनटाऊनचा सख्खा भाऊ, पण अमेरिकी वापरात तो जवळपास नेहमी गरिबी, गुन्हेगारी आणि बहुधा वर्ण यांचा आडपडदा असतो. 'शहराचा अंतर्भाग' असं लिहिलंत तर तुम्ही तो पडदा मराठीत आणायला विसरलात. मी संदर्भ पाहून 'जुन्या शहरातल्या गरीब वस्त्या' असं उघड लिहितो. आडपडदा जातो हे कबूल, पण वाचकाला निदान काय चाललंय ते कळतं.

न्यूयॉर्कची हवा वेगळी. १९७० आणि ८०च्या दशकांत १४व्या रस्त्याच्या खाली रिकाम्या पडलेल्या कारखान्यांच्या माळ्यांवर चित्रकार, नर्तक, वादक स्वस्तात राहू लागले. तेव्हापासून त्या शहरात 'डाऊनटाऊन' हे माणसाचं, कपड्यांचं, संगीताचं विशेषण झालं: बिनधास्त, प्रयोगशील, जरा विस्कटलेलं. समोर 'अपटाऊन' म्हणजे इस्त्रीचं, खानदानी. तुमच्या दुसऱ्या वाक्यातल्या आईला हे कळतंय आणि पटत नाहीये. इथे जागेचं नाव घ्यायचं कारणच नाही.

बास्केटबॉलच्या समालोचनातही हा शब्द भेटेल. तिथे 'फ्रॉम डाऊनटाऊन' म्हणजे लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेला चेंडू. शहर, बाजार काहीही नाही. 'लांबून' एवढं पुरे.

अलीकडे बांधकाम व्यावसायिकांनी शब्द पळवला आहे. दुबईत बुर्ज खलिफाभोवतीच्या भागाचं नावच डाऊनटाऊन दुबई. बुर्ज २०१० साली उघडला. जुनं दुबई खाडीच्या काठी, देरा आणि बर दुबईत आहे. म्हणजे जुन्या गावाकडे नेणारा शब्द गावापासून दूरच्या नव्या वसाहतीला बारशाच्या दिवशीच मिळाला. अशा वेळी ते विशेषनाम आहे. भाषांतर करू नका.

मग मराठीत काय? माझ्या मते सर्वांत जवळचा शब्द आपल्याकडे आहे आणि तो इतका साधा आहे की अनुवाद करताना सुचत नाही: 'गावात'. मोठ्या शहराच्या कडेला वसाहतीत राहणारी माणसं अजून म्हणतात, 'जरा गावात जाऊन येतो.' शहर लाखोंचं झालं तरी जुनी पेठ, मंडई, मुख्य चौक हे 'गाव'च. न्यूयॉर्कचा माणूस 'डाऊन टाऊन' म्हणू लागला तेव्हा तो हेच म्हणत होता: जिथून हे शहर सुरू झालं तिकडे. मुंबईच्या उपनगरात राहणारा 'टाऊनला जातो' म्हणतो, तेही याच जातीचं, आणि बेटाच्या दक्षिण टोकाला जाणारं. मॅनहॅटनशी याहून तंतोतंत जुळणी मिळणं कठीण. 'गावात' क्रियापदाबरोबर शोभतो. 'गावात गेलो', 'गावात भेटू'. नाम म्हणून वापरायला गेलात की तो खेड्याकडे पळतो. 'गावातल्या उंच इमारती' म्हटलं की वाचक बावचळतो. तिथे 'शहरातल्या मुख्य भागातल्या' किंवा सरळ 'डाऊनटाऊनमधल्या' लिहावं.

'पेठ' मला मोहात पाडते, पण तिच्यात वाडे, बोळ आणि आडनावांच्या पाट्या आहेत. न्यूयॉर्कवर ती बसत नाही. युरोपातल्या जुन्या व्यापारी गल्ल्यांना कधीकधी चपखल बसते. 'गावठाण' हा महसुली शब्द, त्याला दप्तराचा वास. 'नगरकेंद्र' कागदी आहे. कोणी कोणाला 'नगरकेंद्रात ये' असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

आणि मूळ शब्द तसाच ठेवायला लाजू नका. वाचकाला तो आता ठाऊक आहे. फक्त एक पाळा: पहिल्यांदा येतो तिथे वाक्यातूनच त्याची ओळख करून द्या, तळटीप नको. लिहिताना 'डाऊनटाऊन' असं दीर्घ 'ऊ'ने लिहा. अकारान्त मराठी शब्दांत उपान्त्य उकार दीर्घ असतो, पाऊस-पाऊल यांसारखा, आणि 'टाऊन हॉल' आपण पिढ्यान्‌पिढ्या तसाच लिहीत आलो. इंग्रजीत हा शब्द क्रियाविशेषण म्हणून येतो तेव्हा त्याच्यामागे 'कडे' किंवा 'ला' लागत नाही, पण मराठीत प्रत्ययाशिवाय तो लोंबकळतो. 'डाऊनटाऊन गेलो' हे मराठी नव्हे, 'डाऊनटाऊनला गेलो' हे मराठी. तसंच 'डाऊनटाऊन शिकागो' हा क्रम उचलू नका. 'शिकागोचं डाऊनटाऊन' म्हणा.

आता तुमची वाक्यं. पहिलं: 'तिने १२५व्या रस्त्यावर दक्षिणेकडे जाणारी गाडी पकडली आणि ९६व्या रस्त्यावर उतरली.' कथेत पुढे स्थानकाच्या पाट्या महत्त्वाच्या असतील तर 'डाऊनटाऊनकडे जाणारी' चालेल, पण त्याआधी कुठेतरी डाऊनटाऊन बेटाच्या दक्षिण टोकाला आहे हे येऊन गेलेलं हवं. नाहीतर वाचकाच्या डोक्यातली डाऊन लोकल तिला भलतीकडे नेईल.

दुसरं: 'त्याचे कपडे आईला फारच उनाड वाटले.' 'उनाड'मध्ये थोडा लाड आहे. आई खरोखर चिडली असेल तर 'छपरी' हा शब्द हल्ली तोंडी आहे, पण तो वर्गवाचक टोमणा आहे आणि या आईच्या तोंडी वेगळंच काही सांगून जाईल. मी तरी टाळेन.

तिसरं: 'पोलीस त्याला मुख्यालयात घेऊन गेले.' न्यूयॉर्कचं पोलीस मुख्यालय १९७३पर्यंत सेंटर स्ट्रीटवर होतं आणि मग जवळच पोलीस प्लाझात गेलं. दोन्ही डाऊनटाऊनमध्येच, मोठी फौजदारी न्यायालयंही तिथेच. म्हणून तिथे 'डाऊनटाऊनला नेणं' म्हणजे चौकशीला नेणं. कथेत त्याला फक्त स्थानिक ठाण्यात नेलं असेल तर मात्र हा शब्द वापरला नसता, तेव्हा 'ठाण्यात' लिहू नका.

चौथं मी असं करेन: 'आमच्याकडे सहा वाजले की गावात चिटपाखरू नसतं.' फक्त पुढची दोन पानं एकदा चाळून बघा. हा भाऊ नंतर शेतावर किंवा खेड्यात जाणार असेल तर एकाच प्रकरणात दोन 'गावं' होतील, आणि मग इथे 'मेन स्ट्रीटवर चिटपाखरू नसतं' असं केलेलं बरं.